दांडपट्टा शिकायचाय? आधी काठी आणि पावलं शिकावी लागतात

शिवजयंती जवळ आली की फोनवर दांडपट्टा आणि लाठीकाठीच्या रील्स दिसू लागतात. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत पट्टा गरगर फिरतो आणि आपणही शिकावं असं वाटतं. मालवणात तर समोरच सिंधुदुर्ग किल्ला. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला त्याची पायाभरणी झाली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांत तोही आहे. पण रील आणि पहिला वर्ग यांत बराच फरक असतो. तो माहीत नसेल तर उत्साह दोन दिवसांत ओसरतो.

मर्दानी खेळ म्हणजे काय?

लाठीकाठी, ढाल-तलवार, दांडपट्टा, भाला, विटा अशा शस्त्रांच्या पारंपरिक कलेला मर्दानी खेळ किंवा शिवकालीन युद्धकला म्हणतात. घाटावर, कोल्हापूरच्या तालमी-आखाड्यांनी ती जपली. नाव 'मर्दानी' असलं तरी मुलीही ती शिकतात. 2024 च्या शिवजयंतीला राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र घोषित केलं.

मग पहिल्याच दिवशी पट्टा का देत नाहीत?

दांडपट्ट्याची मूठ लोखंडी आवरणाच्या आत असते आणि हे आवरण कोपरापर्यंत हात झाकतं. त्यामुळे मनगट वळत नाही. पट्टा खांद्यातून आणि कमरेतून फिरवावा लागतो आणि त्यासाठी पाय योग्य जागी पडावे लागतात. म्हणून सुरुवात होते ती पवित्र्यापासून, म्हणजे उभं राहण्याच्या आणि पाऊल टाकण्याच्या पद्धतीपासून.

पहिल्या वर्गात साधारणपणे सलामी, अंग मोकळं करण्याचे व्यायाम, पवित्रा आणि शेवटी काठीचा एखादा सावकाश हात, एवढंच होतं. घाई केली तर काठी आधी स्वतःच्याच गुडघ्यावर बसते. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि खांदे भरून येतात, तळहाताला फोडही येऊ शकतो. मात्र सांधा सुजला किंवा कळ येत राहिली तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावं.

किनाऱ्यावर सराव करताना

काठीसाठी महागडी खरेदी लागत नाही. सिंधुदुर्गात बांधावर वाढणारा माणगा बांबू भरीव आणि सरळ असतो. गाठी घासून गुळगुळीत केल्या की काम होतं. काठीला चीर गेली तर ती बदलावी, कारण तिची सळ हातात घुसते. सुक्या वाळूत पाय रुततो आणि घोटा मुरगळू शकतो. नवख्यांसाठी घरासमोरचं खळं किंवा ओहोटीनंतरची घट्ट वाळू बरी. इथल्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, म्हणून सराव सकाळी लवकर करावा आणि मध्ये मध्ये पाणी प्यावं.

वर्ग कसा निवडायचा?

नाव घालण्याआधी एक वर्ग बाजूला बसून पाहावा. दोन मुलांमध्ये काठी फिरेल इतकं अंतर आहे का? नवखे वेगळे उभे केले जातात का? शस्त्रं बोथट आहेत का? प्रथमोपचाराची पेटी आहे का? गणवेश आणि परीक्षेचे पैसे वेगळे आहेत का? वस्ताद या प्रश्नांवर चिडत असतील किंवा पहिल्याच आठवड्यात धारदार शस्त्र हातात देत असतील, तर तो वर्ग टाळलेला बरा.

तलवारीसोबत रील चालेल का?

धारदार तलवार, भाला आणि 9 इंचांपेक्षा लांब पात्याची शस्त्रं 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. तलवार नाचवणारे व्हिडिओ टाकल्यावर पोलिसांनी गुन्हे नोंदवल्याच्या बातम्या नेहमी येतात. सरावाची काठी वर्गाची, तिचा वापरही वर्गापुरताच.

स्वसंरक्षण जमेल का?

महिनाभरात कोणी लढवय्या होत नाही. रस्त्यावर प्रसंग आला तर ओरडणं, तिथून निघून जाणं आणि 112 ला फोन करणं हाच पहिला उपाय. सरावाने मिळतं ते वेगळं: तोल, दमसास आणि समोरचा किती जवळ आलाय याचा अंदाज. हे एका दिवसात कळत नाही. त्यामुळे आवडलं की नाही, हे किमान चार वर्गांनंतर ठरवावं.