भिशीचा थुक्पा

आमच्या मूलमध्ये संध्याकाळी सहानंतर बाहेर पडलात, तर पहिला वास येतो तो सोया सॉसचा. धान गिरण्यांचा कोंडा आणि पावसाळ्यातला ओल्या मातीचा वास त्याच्या मागून. लाल रंगाची अक्षरं, ड्रॅगनचं चित्र, त्याखाली ‘चायनीज’, आणि कढईत परतणारा मुलगा इथलाच, सावलीचा नाहीतर सिंदेवाहीचा! चीन त्याने टीव्हीवरच पाहिलेला. पण हात असा चालवतो की बघत राहावं.

आमच्या भिशीत आम्ही बाराजणी. कोणी शिक्षिका, कोणाचं शिवणकाम, एकीचं ब्युटी पार्लर, दोघी बँकेत, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. पूर्वी ज्या घरी भिशी त्या घरी फराळ. म्हणजे यजमानीण सकाळपासून स्वयंपाकघरात आणि आम्ही आल्यावरही स्वयंपाकघरातच. दोन वर्षांपूर्वी शिवणकामवालीने बंड केलं. म्हणाली, “माझ्या घरी येणार असाल त् मी काहीच करत नाही. पन्नास-पन्नास रुपये जास्त काढा अन् बाहेर खाऊ.” एवढ्या वाक्यावरून आमचं सगळं सुरू झालं.

आता तालुक्याच्या गावात बाराजणींनी नवऱ्यांशिवाय हॉटेलात जाऊन बसणं म्हणजे काय, ते तालुक्याच्या गावातल्या बायकांनाच कळेल. पहिल्या दिवशी वेटरने आम्हाला थेट ‘फॅमिली रूम’मध्ये नेलं. मळकट पडदा, त्यामागे पंखा नसलेली खोली. बँकवाली म्हणाली, “पडदा काढा, आम्ही काय लपायला आलो का?” काढला त्यांनी. बाहेरच्या टेबलांवरची माणसं दोन मिनिटं बघत होती, मग आपापल्या ताटाकडे वळली. नवरे मंडळींनी घरी विचारलं ते एवढंच, “बिल किती झालं?”

त्या दिवशी आम्ही मागवलं व्हेज मंचुरियन. लेकीने नंतर सांगितलं की मंचुरिया हा चीनचा ईशान्य भाग असला, तरी तिथल्या कोणालाही हा पदार्थ माहीत नाही. याचं श्रेय दिलं जातं ते नेल्सन वाँग यांना. कोलकात्याच्या चिनी कुटुंबात जन्मलेल्या या बल्लवाने 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आलं, लसूण, हिरवी मिरची अशा आपल्याच मसाल्यात कोंबडीचे तुकडे तळून सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवले. म्हणजे मंचुरियन मुंबईचंच! आणि गाडीवरच्या ज्या पांढऱ्या पावडरीला आपण घाबरतो ते अजिनोमोटो जपानचं. किकुनाए इकेदा या प्राध्यापकांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ती चव वेगळी काढली. आणि गाडीवरच्या फ्राइड राइसचा मोकळा तांदूळ? तो मात्र शंभर टक्के आपला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुटपुंज्या शेतात निवडून निवडून जे एचएमटी वाण तयार केलं, ते आज कुठकुठल्या राज्यांत खाल्लं जातं. नाव मनगटी घड्याळाचं, पण शोध आपल्या मातीतला. दादाजी 2018 मध्ये गेले.

मग आम्हाला चटकच लागली. लेक नागपूरला शिकते, तिच्या निमित्ताने तिकडच्या एका मॉलमध्ये जपानी सुशी खाऊन आलो. खरं सांगू? फार काही जमलं नाही. गार, गिचका भात आणि वर शेवाळाचं कागदासारखं वेष्टण. पैसेही भरपूर. कोरियन नूडल्सची पाकिटं तर आता मूलच्या किराणा दुकानातही मिळतात, शाळकरी पोरी डोळ्यांत पाणी आणून खातात आणि व्हिडिओ काढतात. त्यावर मी जास्त लिहीत नाही. मला लिहायचंय ते थुक्प्याबद्दल.

महाराष्ट्रात तिबेटी लोकांचं एक अख्खं गाव आहे, हे तुमच्यापैकी किती जणींना माहीत आहे? गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या जंगलापासून जवळ, गोठणगाव-प्रतापगड भागात नॉर्ग्येलिंग नावाची वसाहत आहे. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागे हजारो माणसं आली, आणि देशात ठिकठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या. ही 1972 मधली. हिवाळ्यात आपल्या चंद्रपुरात, नागपुरात स्वेटर विकायला बसतात ना, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं घर हे. आपण घासाघीस करून मफलर घेतो आणि ‘नेपाळी आहेत’ म्हणून मोकळे होतो!

मूलहून रेल्वेने जाता येतं. गोंदियाकडे जाणारी गाडी, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा आणि मग अर्जुनी. आम्ही भिशीतल्या पाचजणी, माझी लेक आणि सासूबाई. हो, सासूबाई! वय 74, गळ्यात तुळशीची माळ, पंढरपूरची वारी केलेल्या. आयुष्यात हॉटेलात पाण्याचा घोट घेतला नाही. मामंजी गेल्यापासून घरात बसून कंटाळल्या होत्या, “प्रतापगडच्या महादेवाले येतो मी,” म्हणाल्या. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, त्यांच्या माहेरची माणसं बैलगाडीने जायची. डब्यात पोळ्या, लाखोळीचं वरण नको म्हणून कोरडं पिठलं, आणि पाण्याची बाटली. तयारी चोख होती.

भिशीतली शिक्षिका माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ती बौद्ध. बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोन दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला, चंद्रपुरात दीक्षा दिली, तेव्हा तिचे आजोबा त्या गर्दीत होते. आमच्या घरी ती शेकडो वेळा आली असेल. पण माझ्या सासूबाईंनी तिच्या घरचा चहा वीस वर्षांत कधी घेतला नाही. यावरून माझं आणि सासूबाईंचं तोंडावर बोलून झालंय, एकदा तर आठवडाभर अबोला झाला. “मी तुले अडवतो का? तू जा, खा. माह्या माळेले राहू दे,” एवढंच त्यांचं उत्तर. माळेचा आणि चहाचा काय संबंध, हे मैत्रिणीने एकदाही विचारलं नाही. ती फक्त दर दिवाळीला “काकू, येऊन जा” म्हणायची आणि काकू अंगणातून परत यायच्या.

गाडीत नागभीडला फल्ली घेतली, ती सगळ्यांनी एकाच पुड्यातून खाल्ली. फल्लीला विटाळ नसतो, हेही एक नवलच म्हणायचं.

वसाहतीत शिरलात की रंगीत पताका, धानाच्या बांध्या आणि मधेच सोनेरी छपराचं देऊळ. दोन्ही नजरेत एकदम येतं. मैत्रीण बुद्धाच्या मोठ्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसली. तिने त्रिसरण म्हटलं, तिथल्या एका म्हाताऱ्या भिक्खूंनी मान डोलावली. दोघांची भाषा वेगळी, पंथ वेगळा. सासूबाई दारातून बघत होत्या. मग चप्पल काढून त्याही आत आल्या, हात जोडले आणि तिथलं मोठं प्रार्थनाचक्र जोर लावून फिरवलं. “जात्यासारखं आहे,” म्हणाल्या.

खायला बसलो ते एका घराच्या पडवीत. चार बाकडी, भिंतीवर दलाई लामांचा फोटो. चालवणारी बाई साधारण सत्तरीची, पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, आणि बोली? तुमच्या-माझ्यासारखी! “या ना बाई, बसा ना.” आम्ही चाटच पडलो. अहो, पन्नास वर्षं झाली इथे. बाजार इथला, शेतीवरच्या मजूरबाया इथल्या, मग भाषा कुठली येणार?

मी आधीच सांगितलं, यांना मांसाचा हात लागलेलं चालत नाही. ती म्हणाली, “वेगळ्या गंजात करतो.” आणि खरंच समोर नवा गंज काढून, धुऊन, दाखवून चुलीवर ठेवला. सासूबाईंचा डबा मांडीवर तसाच.

थुक्पा म्हणजे काय, तर रस्सा आणि त्यात शेवया. गव्हाच्या हाताने केलेल्या जाड शेवया, पालक, गाजर, पत्ताकोबी, आलं, लसूण. मसाला जवळजवळ नाहीच. वाफाळता वाडगा समोर आला, तेव्हा सासूबाईंनी वाकून पाहिलं. “ह्या त् आपल्या शेवया होत. आपण गोड खातो, हे खारट खाते.” मग बराच वेळ शेवयांवरच चर्चा. आमच्याकडे खाटेवर शेवया कशा वाळत टाकतात, सरगुंडे काडीला कसे गुंडाळतात, आणि हे लोक पीठ ताणून कसं कापतात. त्या बाईने उठून पीठ आणून करून दाखवलं.

पुढचं बोलणं धानाचं निघालं. ती लहानपणी आईच्या पाठुंगळी डोंगर ओलांडून आलेली. इथे आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. थंड मुलखातली माणसं, आणि आपल्या झाडीपट्टीतला मे महिना! ओली चादर अंगावर घेऊन झोपायचो, म्हणाली. साप, विंचू, दिवसा अंधार वाटेल असं रान. धान लावता येत नव्हतं, आजूबाजूच्या गावच्या बायांनी शिकवलं. सासूबाईंनी विचारलं, “रोवणा केला का तुम्ही सोता?” तर तिने कंबरेवर हात ठेवून दाखवलं. परे उपटून, चिखलात दिवसभर वाकून जी कंबर जाते, तिला भाषा लागत नाही. दोघी आपापल्या कंबरेवर हात ठेवून हसल्या. सासूबाईंनी पहिला चमचा कधी तोंडात घातला, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

नंतर तिंगमो आले. वाफवलेला, पाकळ्या-पाकळ्यांचा पांढरा पाव. दोघींत एक ताटली. मैत्रिणीच्या आणि सासूबाईंच्या मधे एक. मैत्रिणीने सवयीने पाव फोडला, अर्धा सासूबाईंच्या वाडग्याच्या काठाला लावून ठेवला. आणि मग तिच्या लक्षात आलं. हात तिथेच थांबला. माझी लेक माझ्याकडे बघू लागली. सासूबाईंनी तो तुकडा उचलला, रश्श्यात बुडवला, खाल्ला. “तिखट कमी आहे,” म्हणाल्या. यजमानीणबाईंनी लगेच लाल मिरचीची चटणी पुढे केली.

लोण्याचा खारा चहा मात्र कोणालाच पचला नाही. लेकीने नाक दाबून संपवला.

निघताना मी त्या बाईला विचारलं, परत जावंसं वाटतं का? तिने आतून एक प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं पुस्तक आणून दाखवलं. परदेशी माणसाचं नोंदणीपत्र. त्यावर तिचा तरुणपणीचा फोटो, मग त्यापुढचा, मग त्यापुढचा. वेळोवेळी नवं करावं लागतं. नातू परदेशात गेलाय, तो बोलावतो. “तिथं धान नाही,” म्हणाली. मस्करी की खरं, मला कळलं नाही.

या सहलीनंतर आम्ही गडचिरोलीकडेही जाऊन आलो. चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेली बंगाली कुटुंबं आहेत, दंडकारण्य योजनेच्या काळात वसवलेली. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता, तो 1982 चा. माझ्या थोरल्या जाऊबाई मासळीसाठी कुठेही यायला तयार, म्हणून यावेळी त्या. सासूबाई अर्थातच नाहीत. मोहरी वाटून लावलेला रोहू, केळफुलाची भाजी, आणि शेवटी पायेश. आपल्याकडे मोहरी फोडणीपुरती. ती वाटून माशाला लावली की नाकात जी झणझण जाते, ती गंमत औरच! जाऊबाईंनी कृती लिहून घेतली: मोहरी मिठाच्या पाण्यात भिजवून, हिरव्या मिरचीसोबत वाटायची, म्हणजे कडू होत नाही. जेवण वाढणारी सून चामोर्शीच्या कॉलेजात शिकलेली, मराठी अस्खलित. तिच्या तोंडून मात्र पदार्थांपेक्षा जमिनीचे पट्टे आणि जातीचे दाखले हेच जास्त आलं. आजोबांपासून इथे आहेत, आणि अजून कागद गोळा करणं चालूच.

आणि हो, वास्ते! बांबूचे कोवळे कोंब चिनी, जपानी जेवणात असतात म्हणून शहरात डबाबंद विकतात. पावसाळ्यात ते आपल्या आठवडी बाजारात ढिगाने येतात की. फक्त चिरून, उकळून पाणी टाकून द्यायला विसरू नका, कच्च्यात विषारी अंश असतो. यंदा आम्ही ते थुक्प्यात घातले. छान लागले.

सासूबाईंचं विचाराल, तर गेल्या दिवाळीत त्या मैत्रिणीच्या घरी गेल्या. अंगणात नाही, आत, खुर्चीवर. चहाला ‘साखर आहे मला’ म्हणून नाही म्हटलं. खरंच आहे त्यांना साखर. लाडू दिला तो पदरात बांधून आणला आणि घरी येऊन देवापुढे ठेवून खाल्ला. मैत्रिणीला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, “साखर होती ना काकूंना?”

तुम्हाला नॉर्ग्येलिंगला जायचं असेल तर ऐन थंडीत जाऊ नका. बरीचशी घरं स्वेटर विकायला बाहेरगावी गेलेली असतात, खाऊ घालायला कोणी सापडेलच असं नाही. त्यांचं नववर्ष, लोसार, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, तेव्हा माणसं परतलेली असतात. अर्जुनी स्टेशनवर उतरलात की ऑटोवाल्याला ‘तिबेटी कॅम्प’ म्हणा, लगेच समजतं. परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा. आणि कोणी शाकाहारी असेल तर पोचताच सांगा, वेगळा गंज चढवायला वेळ लागतो.