ज्वारी वेळ कशी ओळखते

चिंचेची पाने सायंकाळी का मिटतात, असे मुलांनी विचारले असता “सूर्य मावळला म्हणून” असे सांगून आपण मोकळे होतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे. इ. स. १७२९ मध्ये फ्रान्समधील द मेराँ या शास्त्रज्ञाने पाने मिटणारी एक वनस्पती अंधारात ठेवली. तरीही तिची पाने नित्याच्या वेळी उघडत व मिटत राहिली. पुढे १८३२ मध्ये द कांदोल याला असे आढळले की, बाह्य परिस्थिती न बदलल्यास लाजाळूचा हा क्रम चोवीस नव्हे, बावीस-तेवीस तासांचा होतो. म्हणजे वनस्पतीच्या अंगी स्वतःचे घड्याळ असते, आणि सूर्यप्रकाश ते रोज जुळवून देतो. शाळेचे घड्याळ आपण रेडिओच्या वेळेशी जुळवावे तसे.

हे घड्याळ जनुकांचे बनलेले आहे. काही जनुके सकाळी कार्यप्रवृत्त होतात व सायंकाळच्या जनुकांना दडपून ठेवतात. दिवस कलला की त्यांचा जोर ओसरतो, आणि सायंकाळची जनुके जागी होऊन सकाळच्यांना आवरतात. हा फेरा सुमारे चोवीस तासांनी पूर्ण होतो. इतर असंख्य जनुकांना त्यावरून आपापली वेळ मिळते. अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा तणात कडक उन्हापासून संरक्षण करणारी द्रव्ये तयार करणारी जनुके पहाटेपूर्वीच कामाला लागतात. ऊन पडल्यावर तयारी करण्यात काय हशील?

आता आपल्या परिचयाच्या ज्वारीकडे वळू. तिच्यातील ‘पीआरआर ३७’ हे जनुक फुलोरा रोखून धरते. घड्याळाने त्याला सकाळची व सायंकाळची अशा दोन वेळा नेमून दिल्या आहेत. मात्र त्या वेळी प्रकाशही असावा लागतो. दिवस मोठा असता सायंकाळच्या वेळी उजेड असतो, जनुक कार्य करते आणि पीक नुसतेच वाढत राहते. दिवस लहान झाला की ती वेळ अंधारात पडते. सायंकाळचे कार्य थांबते, अटकाव दूर होतो व ज्वारी पोटरीत येऊन निसवते. सोलापूरकडे जूनमधील दिवस सुमारे तेरा तासांचा व डिसेंबरातील सुमारे अकरा तासांचा असतो. एवढा फरक पिकाला पुरतो.

आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली ज्वारी तेथील उन्हाळ्याच्या लांब दिवसांत वेळेवर निसवेना. शेतकऱ्यांनी लवकर निसवणारी ताटे निवडून त्यांचेच बी राखले. त्या ताटांत हेच जनुक बिघडलेले होते, हे टेक्सासमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. शास्त्राच्या कितीतरी आधी शेतकऱ्याच्या नजरेने ते हेरले होते! रात्रीच्या कृत्रिम उजेडानेही हा हिशेब चुकतो; रस्त्यावरील दिव्याखालचे सोयाबीन इतर शेत वाळले तरी हिरवे राहते, ते यामुळेच.

वर्गात प्रयोग करावयाचा तर लाजाळू घेऊ नये. ती स्पर्शानेही मिटते व मुलांचे हात आवरत नाहीत. कुंडीतील घेवड्याचे रोप अंधाऱ्या कपाटात ठेवावे आणि सकाळ-सायंकाळ क्षणभरच, अगदी मंद उजेडात, पानांची स्थिती पाहून वहीत नोंदवावी. काही दिवसांनी हालचाल मंदावते, कारण प्रकाशावाचून रोपाला अन्न तयार करता येत नाही. तेव्हा ते पुन्हा उन्हात ठेवावे.