दौंडला गाडी बदलून जैसलमेरला

१८८५ साली लुणीहून जोधपूरला पहिली आगगाडी पोहोचली. त्याच सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीच्या शिवारात खेळायला लागलं. तिकडे रूळ आले, इकडे पाट आला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काहीच नाही. तरी जळोची-बारामतीकडचा माणूस सॅक पाठीला लावून मारवाडात उतरतो तेव्हा त्याला वाळवंट कसं दिसतं, हे समजायला ते साल उपयोगी पडतं. त्याचा निम्मा तालुका बागायती, निम्मा जिरायती. सुप्याकडच्या माळावर फिरणारा चिंकारा आणि थरमधला चिंकारा एकच. त्यामुळे वाळूच्या टेकडीवर फोटो काढून झाले की ‘इथं पाणी कुठनं येतं?’ हा प्रश्न त्याच्या तोंडी आलाच म्हणून समजा.

तिथवर पोचणं मात्र फार दिवस सोपं नव्हतं. दौंड-बारामती फाटा १९१४ चा, सुरुवातीला अडीच फुटी अरुंद रुळांचा. ती छोटी गाडी पाहिलेल्या पिढीला मारवाडच्या मीटरगेजचं नवल नसावं. त्रास गाड्या बदलण्याचा होता. दौंड, मुंबई, अहमदाबाद, मारवाड जंक्शन असं करत जोधपूर यायचं. पुढे रूळ पोकरणपर्यंतच होते. जैसलमेरला रेल्वे पोचली ती १९६५ च्या युद्धानंतर, त्या दशकाच्या अखेरीस. पर्यटकांसाठी नव्हे, सरहद्दीसाठी. त्या युद्धात बाडमेरच्या बाजूला गडरा रोडजवळ सतरा रेल्वे कर्मचारी कामावर असताना मारले गेले. त्यांचं स्मारक रुळांशेजारीच आहे.

इथे एक गंमत नोंदवायला हवी. जैसलमेर उंटांच्या तांड्यांवर श्रीमंत झालेलं गाव. एकोणिसाव्या शतकात माल समुद्रमार्गे मुंबईला जाऊ लागला आणि तांडे आटले. म्हणजे जैसलमेरला उतरती कळा लागण्यात मुंबई बंदराचा हात होता. पुढे शंभरेक वर्षांनी त्याच मुंबईची माणसं तिकीट काढून त्या ओस हवेल्या बघायला जाऊ लागली.

मराठी माणूस अर्थात पहिला नव्हता. सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ १९७४ मध्ये आला आणि बंगाली कुटुंबांनी जैसलमेरचा किल्ला जणू दत्तकच घेतला. मराठी गर्दी वाढली ती नंतर: रजा प्रवास सवलतीवर निघालेले शिक्षक, दिवाळीच्या सुट्टीतली कुटुंबं आणि डिसेंबरात युथ हॉस्टेल्सच्या वाळवंटी ट्रेकला जाणारी पुण्या-मुंबईची पोरं. त्या काळी जाणत्यांचं लाडकं हत्यार म्हणजे वर्तुळाकार प्रवासाचं तिकीट. एकाच तिकिटावर आठ ठिकाणी उतरता येई आणि दर लांब पल्ल्याचा लागे. जोधपूर, जैसलमेर, बिकानेर, जयपूर असा फेरा मारून परत यायचं. स्टेशनवर अर्ज द्यायचा, बाबूने मार्ग वहीत तपासायचा, मग तिकीट हाती. २००२ मध्ये आरक्षण घरबसल्या होऊ लागलं आणि ही खटपट हळूहळू विसरली गेली.

पण या फेऱ्यांच्या आठवणींत किल्ल्यांपेक्षा डबा जास्त येतो. जोधपूर सुटलं की ओसियां, फलोदी, रामदेवरा, पोकरण अशी स्टेशनं. समोरच्या बाकावरचा पागोटेवाला आधी विचारतो, ‘कठै सूं पधार्या?’ बारामतीकडच्या माणसाला यात परकं काही वाटत नाही. त्याच्याकडेही ‘कुठलं पाव्हणं?’ने सुरुवात होते. मग फडक्यातून बाजरीचा सोगरा निघतो, लसणाची लाल चटणी निघते, आणि इकडून भाकरी-ठेच्याचा डबा उघडतो. दोन्हीकडे बाजरीच, पण त्यांची भाकरी जाड आणि तुपाने माखलेली. पाण्याची बाटली मात्र ज्याची त्याच्याजवळ राहत नाही, ती साऱ्या बाकावर फिरते. रामदेवऱ्याला भाद्रपदात पायी जाणारे जत्रेकरू आणि वाटेवर त्यांना फुकट जेवू घालणारे मांडव दिसले की काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण पाहिलेल्याला वारीच आठवणार.

सगळेच असे भेटतात असं कुणी सांगू नये. जैसलमेरच्या फलाटावर हॉटेलचे आणि उंट सफारीचे दलाल वर्षानुवर्षं पाहुण्यांच्या अंगावर येत. ‘फक्त बघा, पैसे नकोत’ म्हणणाऱ्याच्या जीपमध्ये बसलेला माणूस संध्याकाळी दुप्पट पैसे मोजून उठे. डब्यातला ‘पधारो’ आणि फलाटावरचा ‘पधारो’ यांतला फरक ओळखायला एक फेरी खर्ची पडते.

खरं आतिथ्य बघायचं तर फलोदीला उतरून खीचनला जावं. १९७० च्या दशकात तिथे रतनलाल मालू यांनी कबुतरांना दाणे टाकायला सुरुवात केली. ते टिपायला कांड्या करकोचे उतरू लागले. आधी थोडे, मग गावाने चुग्गाघर, म्हणजे दाणे टाकायची कुंपण घातलेली जागा, बांधलं, धान्यासाठी देणग्या येऊ लागल्या, आणि आता हिवाळ्यात मंगोलियाकडून हजारोंनी पक्षी येतात. सकाळी कुंपणाबाहेर करड्या पाठींची रांग जमिनीवर चालत येते, आधी दोन-चार माना वर करून पाहतात, मग एकदम सगळे आत. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी दाखवणाऱ्या नावाड्यांना हे ओळखीचं वाटेल, फक्त इथे पाहुण्यांना खाऊ घालण्याची जबाबदारी गावाने अंगावर घेतली आहे. जून २०२५ मध्ये खीचन रामसर स्थळांच्या यादीत गेलं.

आणि ‘इथं पाणी कुठनं येतं?’ याचं उत्तर हवं असेल तर जैसलमेरजवळच्या कुलधराला जावं. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडलेलं हे गाव पाहायला गाड्या भरून लोक जातात आणि दिवाणाच्या जुलमाची, शापाची गोष्ट ऐकून परततात. त्याच पालीवालांनी रूढ केलेली खडीन बघायला फार थोडे थांबतात. खडकाळ उतारावरचं पाणी जिथे गोळा होतं त्या सखल जागी मातीची लांब पाळ घालायची. पावसाळ्यात तिथे तळं होतं, पाणी मुरतं, आणि थंडीत त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून पाणी द्यायचं नाही. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या जिल्ह्यात हे चालतं. जिरायती रानाचा मालक तिथे वाकून ढेकूळ हातात घेतो, फोडून ओल बघतो. गाईडला तेवढा वेळ नसतो.

पुढे पाणी रुळांवरूनही आलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला पाण्याची रेल्वे धावली, तिचे टँकरवॅगन राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात धुऊन आले होते. २०२२ च्या उन्हाळ्यात जोधपूरहून पालीला तशीच गाडी गेली. दोन्हीकडच्या माणसांना त्यावर बोलायला डब्यात विषय मिळाला.

गाड्याही बदलल्या. मे २०२५ मध्ये हडपसर-जोधपूर गाडी सुरू झाली, तिने गेलं की मुंबई-अहमदाबादला गाड्या बदलण्याचा द्राविडी प्राणायाम टळतो. जैसलमेर-बिकानेरकडे जाणाऱ्या लीलण एक्स्प्रेसला तेजाजी या लोकदैवताच्या घोडीचं नाव आहे. जेजुरीच्या वाटेवर वाढलेल्याला देवाच्या घोड्याचं अप्रूप सांगायला नको. बिकानेरच्या बाजूला इंदिरा गांधी कालव्याच्या लाभक्षेत्रातले शेतकरी भेटतात. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या या कालव्याने सतलज-बियासचं पाणी थरमध्ये नेलं, आणि खिडकीतून वाळूच्या मध्येच मोहरीचे पिवळे पट्टे दिसतात. इकडचा विचारतो, पाण्याचं आवर्तन किती दिवसांनी? तिकडचा म्हणतो, बारी. एकमेकांचा शब्द कळायला मिनिटभर जातो. मग तो सांगतो की वरचे लोक पाणी उचलतात आणि टेलला, कालव्याच्या शेवटाला, काही पोचत नाही. ‘टेल’ हा शब्द मात्र दोघांचा एकच असतो.