अवयवदान : मुलांच्या मनात आधी माणूस, मग घोषणा



३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं. या दिवशी शाळेत फेरी निघते, घोषणा होतात आणि दुसऱ्या दिवशी मुलं सगळं विसरतात. विषय मनात रुजायचा तर डोळ्यांसमोर एखादं माणूस लागतं.

मुलांना सांगता येईल अशी एक खरी गोष्ट आहे. श्रेया सिद्दनगौडर ही पुण्याची मुलगी मणिपालला इंजिनिअरिंग शिकत होती. सप्टेंबर २०१६ मध्ये पुण्याहून तिकडे जाताना बस उलटली आणि तिचे दोन्ही हात गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात तिला दोन्ही हात बसवले. ते होते केरळमधल्या एका वीस वर्षांच्या कॉलेजकुमाराचे. अपघातानंतर तो ब्रेन डेड झाला होता आणि त्याच्या आईवडिलांनी होकार दिला. पुढे श्रेया त्याच हातांनी लिहू लागली, परीक्षेचा पेपरही तिने स्वतः लिहिला. पाटी-पेन्सिल धरणाऱ्या मुलांना यातलं मोल लगेच कळतं.

मग मुलं विचारतात, "ब्रेन डेड म्हणजे काय?" सोप्या शब्दांत सांगावं : मेंदू कायमचा थांबलेला असतो. यंत्राने श्वास चालू ठेवला म्हणून हृदय थोडा वेळ धडधडतं, पण तो माणूस परत येत नाही. कोमा वेगळा. कोमातला माणूस शुद्धीवर येऊ शकतो. ब्रेन डेड ठरवायला चार डॉक्टरांचं पथक किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं. असा एक दाता आठ जणांना जीवदान देऊ शकतो. नेत्रदान मात्र घरी मृत्यू झाला तरी करता येतं, साधारण सहा तासांच्या आत. अवयव काढल्यावर देह अंत्यविधीसाठी घरच्यांकडेच देतात.

आता मुद्द्याची गोष्ट. अवयवदानाची प्रतिज्ञा अठरा वर्षांनंतरच घेता येते. पण प्रतिज्ञा घेतलेली असली, तरी ऐनवेळी डॉक्टर घरच्यांनाच विचारतात. घरात हा विषय कधी निघालाच नसेल, तर दुःखाच्या त्या घडीला "हो" कोण म्हणणार? चौथीतलं पोरगं फॉर्म भरू शकत नाही, पण रात्री जेवताना "आजोबा, तुम्ही डोळे देणार का?" असं नक्की विचारू शकतं. त्याचं काम एवढंच, पण तेच सगळ्यात मोठं.

आमचं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. देह गेल्यावर मागे काय उरावं, हा विचार इथल्या घरांना नवा नाही. विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रही छत्रपती संभाजीनगरलाच आहे, म्हणजे फार लांब नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. ज्या मुलाच्या घरी नुकतंच कुणी गेलं असेल, त्याला वर्गात बोलायला लावू नये. बाकीच्यांना एकच गृहपाठ द्यावा : घरी विचारा आणि काय उत्तर मिळालं ते दोन ओळींत लिहून आणा. उत्तर "नाही" असलं तरी चालेल. घरात बोलणं तर सुरू झालं!