जनगणनेच्या रकान्यांतून निसटलेलं गाव

जनगणनेत प्रत्येक खेड्याला एक ओळ मिळते. माणसं किती, घरं किती, आणि मग दळणवळण: सरकारी बस, रेल्वे स्टेशन, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी, होडीची फेरी. सोय गावात नसेल, तर ती 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10 की 10च्या पुढे, एवढंच 2011च्या तक्त्यात लिहायचं. नवी मुंबईतल्या नेरूळच्या सेक्टर 6 मधल्या सारसोळ्यासाठी हा तक्ता भरायला घेतला, तर गावाच्या नावापाशीच पेन अडतं. सरकारदरबारी हे आता खेडंच नाही.

सारसोळे हे खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. 17 मार्च 1970 रोजी नवं शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांची भातशेती, मिठागरं, खाजणं नव्या शहराच्या नकाशात गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात 1984च्या जानेवारीत पाच जणांचे प्राण गेले. त्यातूनच गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क पुढे आला. 1 जानेवारी 1992 रोजी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. तेव्हापासून सारसोळ्याची डोकी शहराच्या बेरजेत आहेत. ही बेरीज 2001 मध्ये सुमारे 7 लाख होती, 2011 मध्ये 11 लाखांवर गेली.

या बेरजेत गावठाण वेगळं दिसत नाही. नवी मुंबईतल्या गावठाणांत कुटुंबं वाढली तशी घरांवर मजले चढले. त्यांनाच ‘गरजेपोटीची घरं’ म्हणतात. वरच्या खोल्यांत भाडेकरू आले. एकाच जिन्यावर खाली मूळ गावकरी, वर दुसऱ्या जिल्ह्यातून नाहीतर दुसऱ्या राज्यातून आलेलं कुटुंब.

दळणवळणाचे रकाने मात्र झटपट भरतात. 1993 मध्ये हार्बरची लोकल वाशीच्या पुढे नेरूळला पोहोचली, 1996 मध्ये महापालिकेच्या एनएमएमटीच्या बस धावू लागल्या, 2004 मध्ये ठाण्याकडचा रेल्वेमार्ग खुला झाला. उरणचा फाटा 2018 मध्ये खारकोपरपर्यंत आणि 2024च्या जानेवारीत थेट उरणपर्यंत गेला. या रुळांच्या खर्चातला मोठा वाटा सिडकोचा आहे. ज्यांच्या जमिनींवर शहर उभं राहिलं, त्यांच्या नातवंडांना आता कॉलेज-नोकरीसाठी वेगवेगळ्या दिशांना गाड्या मिळतात.

उरतो होडीचा रकाना. सारसोळ्याची जेट्टी पाम बीच मार्गाच्या पलीकडे, तिवरांच्या आड आहे. गाव आणि खाडी यांच्यामधून आज सुसाट गाड्या धावतात. जाळं खांद्यावर टाकून निघालेल्या माणसाला आधी सिग्नलची वाट बघावी लागते, मग भरतीची.

आणि भरती लोकलसारखी रोज एकाच वेळी येत नाही. तिचा हिशेब तिथीचा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितके वाजता ठोकळमानाने भरती पूर्ण. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाण्याला ओढ कमी. ओहोटीला चिखल उघडा पडला की होडी जिथल्या तिथे रुतते. लोकल चुकली तर पुढची थोड्या वेळात येते. भरती चुकली तर पुढची सुमारे साडेबारा तासांनी. तक्त्यातल्या होडीच्या रकान्यात उतारूंची फेरी विचारतात. जिताडा, कोलंबी, चिंबोरी आणणारी होडी त्यात कुठे धरायची, हे कुणी सांगितलेलं नाही.

2027च्या जनगणनेत प्रगणक सारसोळ्याच्या गल्लीतही येतील आणि तिथली माणसं शहराच्या बेरजेत धरतील. एखाद्या दाराला कुलूप दिसलं, तर शेजारी सांगतील, ‘खाडीवर गेलेत, पाण्यावर येतील.’ प्रगणकांनी मग घड्याळात न बघता तिथी विचारावी.