पडद्यामागचा हिशेब : लेखांक ११
आठ आठवडे आणि दुसरा भाग

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातली चित्रपटगृहं पुन्हा उघडली ती २२ ऑक्टोबर २०२१ रोजी, निम्म्याच खुर्च्या विकायच्या या अटीवर. त्याच शुक्रवारी भारतात ‘ड्यून’ लागला. अमेरिकेतही तो त्याच दिवशी लागला, पण तिथे थिएटरात आणि एचबीओ मॅक्सवर एकदमच. आपल्याकडे एचबीओ मॅक्स नव्हतं, त्यामुळे ज्याला तो बघायचा होता त्याला घराबाहेर पडणं भाग होतं. अमेरिकेतल्या माणसाला सोफ्यावरून उठायची गरज नव्हती. आजचा विषय या फरकाचा आहे: वाळवंटातले अजस्र किडे, उडत्या गाड्या, हजार वर्षांनंतरची शहरं असले कोट्यवधींचे चित्रपट घरच्या पडद्यावर लवकर आले, तर त्यांच्या दुसऱ्या भागाचं काय होतं?

हा प्रश्न मला पडला तो भिवंडीजवळच्या मानकोलीच्या एका चहाच्या टपरीवर. ऑगस्ट २०२४ संपत आला होता. समोर गोदामांची रांग, रस्त्यावर कंटेनर एकामागे एक लागलेले. पाळी सुटलेला एक तरुण साखरेच्या डब्याला फोन टेकवून ‘कल्की २८९८ एडी’ बघत होता. त्या चित्रपटात काशीवर उलट्या पिरॅमिडसारखी एक अवाढव्य वसाहत तरंगते. थिएटरात ती बघताना मान वर जाते. इथे त्याने आवाज वाढवायला अंगठा लावला आणि त्या अंगठ्याखाली अख्खी वसाहत झाकली गेली. आवाज वाढला, पण हॉर्नपुढे ऐकू काहीच आलं नाही.

“काका, ह्याचा दुसरा पार्ट कधी येणार?”

“आला तर थिएटरात बघशील का?”

“बारा तासांची ड्यूटी. ठाण्याला जाऊन यायचं म्हणजे एक खाडा. पहिला फोनवर बघितला, दुसरापण फोनवरच बघू ना.”

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण दुसरा भाग कधी येणार, याचं उत्तर त्याच्या शेवटच्या वाक्यात बरंचसं दडलेलं आहे. ते समजायला तिकिटाचा हिशेब मांडावा लागतो.

२००९ च्या एप्रिल ते जूनमध्ये हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट देणं बंद केलं होतं. तो संप मिटला तेव्हा वाटणी अशी ठरली: कर वजा जाता उरलेल्या रकमेतून पहिल्या आठवड्यात निर्माता-वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. आता २०० रुपयांचं तिकीट घ्या. १८ टक्के जीएसटी गेला की उरतात १७० च्या आसपास. पहिल्या आठवड्यात त्यातले ८५ निर्मात्याच्या बाजूला, ८५ थिएटरला. चौथ्या आठवड्यात मात्र निर्मात्याकडे ५१ आणि थिएटरकडे ११९. म्हणजे चित्रपट जितका जास्त दिवस तग धरेल तितका प्रत्येक तिकिटामागे थिएटरचा वाटा वाढत जातो. आणि नेमक्या त्याच दिवसांत तो फोनवर आला, तर थिएटरच्या हाती उरते रिकामी खुर्ची आणि एसीचं बिल.

मल्टिप्लेक्सवाले आठ आठवड्यांवर अडून बसतात ते म्हणून. हिंदी चित्रपट थिएटरात लागल्यापासून आठ आठवडे ओटीटीवर येता कामा नये, हा त्यांचा आग्रह. कोरोनाच्या काळात ही मुदत चार आठवड्यांवर आली होती. ऑगस्ट २०२२ पासून ती पुन्हा आठ झाली. दक्षिणेत चार आठवड्यांचा रिवाज रुळला आहे, आणि खटके उडतात ते तिथेच. २०२३ मध्ये ‘लिओ’ आणि २०२४ मध्ये ‘गोट’ या अभिनेता विजयच्या दोन्ही तमिळ चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्या देशभरातल्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी लावल्याच नाहीत, कारण ओटीटीची तारीख आठ आठवड्यांच्या आत होती. मे २०२५ मध्ये ‘भूल चूक माफ’ हा चित्रपट थिएटर सोडून थेट प्राइम व्हिडिओवर आणायचं निर्मात्यांनी ऐनवेळी ठरवलं, तेव्हा पीव्हीआर आयनॉक्स मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि ओटीटीवरच्या प्रदर्शनाला स्थगिती मिळाली. शेवटी २३ मेला तो थिएटरात लागला आणि दोनच आठवड्यांत ओटीटीवर आला.

‘कल्की’ने आठ आठवडे तंतोतंत पाळले. २७ जून २०२४ ला थिएटरात, २२ ऑगस्टला ओटीटीवर. हिंदी आवृत्ती नेटफ्लिक्सवर, तेलुगू आणि दक्षिणेतल्या इतर भाषांतली प्राइम व्हिडिओवर. एकाच चित्रपटाचे भाषेप्रमाणे तुकडे करून दोन दुकानांत विकणं ही खास भारतीय सोय आहे आणि मोठ्या खर्चाच्या चित्रपटाला तिचा मोठा आधार असतो. ‘कल्की’चा खर्च ६०० कोटी सांगितला गेला. वरच्या हिशेबाने, प्रत्येक तिकिटामागे पहिल्या आठवड्याचे ८५ रुपये धरले तरी निव्वळ खर्च भरून निघायला सात कोटी तिकिटं खपायला हवीत. तेलुगू प्रदेशातली वाटणी वेगळी, एकपडदा थिएटरांची वेगळी, हे मान्य. तरीही आकडा डोळे दिपवणारा आहे. त्यामुळे विज्ञानपटाचा निर्माता ओटीटीला नाही म्हणूच शकत नाही. त्याच्या हाती एकच गोष्ट असते: कधी.

विज्ञानपटाचं दुखणं इतर चित्रपटांपेक्षा वेगळं आहे. कौटुंबिक कथेत घर भाड्याने मिळतं. इथे घर, रस्ता, वाहन, शस्त्र, कपडा, सगळं कल्पनेतून घडवावं लागतं आणि तो पैसा पहिल्याच भागात जातो. ‘कल्की’साठी तर ‘बुज्जी’ नावाची सहा टनांची खरीखुरी चालणारी गाडी बांधली. हा खर्च एका चित्रपटात वसूल होणं अवघड; तो दोन-तीन भागांवर पसरला तरच परवडतो. म्हणून असे चित्रपट गोष्ट अर्धी ठेवून संपतात. पहिला भाग म्हणजे पाया, आणि वर मजला चढवायचा की नाही हे पायावर किती माणसं उभी राहिली यावर ठरतं.

ती माणसं मोजायची कशी? थिएटरातलं तिकीट मोजता येतं. सोमवारी सकाळी साऱ्या बाजाराला कळतं की माणसाने खिशात हात घालून ह्याच चित्रपटासाठी पैसे दिले. ओटीटीवर माणूस वर्गणी भरतो ती सगळ्यासाठी मिळून. भिवंडीकराला हे चटकन पटेल. ज्या ॲमेझॉनची खोकी आपल्या तालुक्यातल्या गोदामांतून रोज बाहेर पडतात, तिच्या प्राइम वर्गणीत लवकर येणारं पार्सल आणि चित्रपट एकाच पावतीवर असतात. २०२१ च्या जुलैत या कंपनीने ‘द टुमॉरो वॉर’ हा तयार विज्ञानपट पॅरामाउंटकडून विकत घेऊन थेट घरात आणला. किंमत २० कोटी डॉलर सांगितली गेली. दुसऱ्या भागाची चर्चा लगेच सुरू झाली होती. थिएटरात मात्र तो भाग आजवर दिसलेला नाही. चित्रपट वर्गणी टिकवायला घेतलेला असला की तो किती आवडला यापेक्षा पुढच्या महिन्यात नवं काय, हा प्रश्न कंपनीला जास्त महत्त्वाचा वाटतो. नेटफ्लिक्सच्या ‘रिबेल मून’चे दोन भाग चार महिन्यांच्या अंतराने आले आणि तितक्याच लवकर विस्मरणात गेले. माझ्या मते यात दिग्दर्शकांपेक्षा या पद्धतीचा दोष मोठा आहे.

आता ‘ड्यून’कडे परत. ३ डिसेंबर २०२० ला वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केलं की २०२१ चे आपले सगळे चित्रपट अमेरिकेत थिएटरात आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी येतील. आठवड्याभरात दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हने ‘व्हरायटी’त जाहीर लेख लिहून विरोध केला. चोरून बघणाऱ्यांचं फावेल आणि ही चित्रमालिका जन्मतःच मरेल, ही त्याची भीती होती. प्रत्यक्षात चित्रपट जगभरात ४० कोटी डॉलरच्या आसपास गेला, खर्च १६.५ कोटी होता. अमेरिकेत लागल्यावर चौथ्याच दिवशी, २६ ऑक्टोबरला, दुसऱ्या भागाला हिरवा कंदील मिळाला, आणि त्यातली अट महत्त्वाची: दुसरा भाग आधी फक्त थिएटरात येईल. १ मार्च २०२४ ला तो आला आणि ७१ कोटी डॉलरच्या वर गेला. अमेरिकेतल्या पहिल्या तीन दिवसांची कमाई ४.१ कोटींवरून ८.२५ कोटींवर, म्हणजे दुपटीच्या जरा वर.

यातून टपरीवरच्या मुलाच्या वाक्याला एक उत्तर मिळतं. पहिला भाग घरी बघितलेली माणसं दुसऱ्यासाठी थिएटरात आली. गोष्ट त्यांना ठाऊक झाली होती आणि दुसऱ्या भागाला दुसरी वाटच ठेवली नव्हती. वाट ठेवली तर काय होतं, हे २०२१ च्याच ‘द मॅट्रिक्स रिझरेक्शन्स’ने दाखवलं. तोही अमेरिकेत एकदमच दोन्हीकडे आला, खर्च १९ कोटी डॉलर, जगभरची कमाई १६ कोटींच्या आत. त्यात भागीदार असलेली व्हिलेज रोडशो कंपनी फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉर्नरविरुद्ध कोर्टात गेली. चित्रपट कच्चा होता हे खरं, पण पंचवीस वर्षांपूर्वी ज्या नावाने आपली पिढी थक्क झाली, त्या नावाला तिकीटखिडकीवर इतकं केविलवाणं पाहून वाईट वाटलं.

उलट दिशेचं एक उदाहरणही सांगितलंच पाहिजे. ‘प्रेडेटर’ मालिकेतला ‘प्रे’ २०२२ मध्ये थेट ओटीटीवर आला, आपल्याकडे हॉटस्टारवर. तो इतका आवडला की त्याच दिग्दर्शकाचा याच मालिकेतला ‘बॅडलँड्स’ नोव्हेंबर २०२५ मध्ये थिएटरात आला. म्हणजे घरचा पडदा माणूस जोडू शकतो. पण ‘प्रे’ तुलनेने कमी खर्चाचा होता, आणि मालिका पस्तीस वर्षं जुनी.

‘कल्की’चा दुसरा भाग अजून आलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी जाहीर केलं की त्यात दीपिका पदुकोण नसेल. अडचणी अनेक आहेत, सगळं खापर ओटीटीवर फोडणं बरोबर नाही. पण मधल्या काळात पहिला भाग फक्त फोनवर जगतो आहे, आणि त्याची भव्यता लोकांच्या मनातून रोज थोडी थोडी आकसते आहे. याची मला काळजी वाटते. नारळीकर, फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांनी मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी लावली, ती कागदावर. पडद्यावर ती भूक भागवायला आपल्याला हैदराबादकडे आणि हॉलिवूडकडे बघावं लागतं.

भव्यतेची भूक मात्र फोनने मेलेली नाही. ७ फेब्रुवारी २०२५ ला ‘इंटरस्टेलर’ भारतात पुन्हा थिएटरात लागला. दहा वर्षं जुना चित्रपट, घरबसल्या केव्हाही बघता येणारा. तरी आयमॅक्सचे पहाटेचे खेळसुद्धा भरले. त्या रांगेतल्या किती जणांनी तो आधी लॅपटॉपवर बघितला असेल!

म्हणून ‘कल्की’च्या निर्मात्यांना आणि थिएटरवाल्यांना एक सांगणं आहे. दुसरा भाग येईल तेव्हा आठ आठवडे सगळ्या भाषांत पाळा, पहिल्या वेळी पाळले तसेच. आणि त्याआधी पंधरा दिवस पहिला भाग पुन्हा थिएटरात लावा. मोठ्या मॉलपुरता नको, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांतही, पाळी सुटल्यावर गाठता येईल अशा वेळेला. तिकीट शंभर रुपयांच्या आत ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून तेवढ्या तिकिटावर जीएसटी १२ ऐवजी ५ टक्केच लागतो.