पिनबॉलच्या पेटीचा कोपरा पुट्टीवर उभा राहत नाही

जुन्या पिनबॉल यंत्राच्या लाकडी पेटीचा कोपरा कुजला, की एकच सल्ला हमखास मिळतो: ‘कुजलेलं खरवडा, पुट्टी भरा, घासून रंग मारा; कोपरा नव्यासारखा होतो.’ दिसायला होतो, हे खरं. पण या पेटीत कोपऱ्याचं काम दिसण्याचं नाही, भार पेलण्याचं आहे. हे कितीदा सांगितलं तरी पुट्टीचे डबे उघडतच राहतात.

गॉटलिब, विल्यम्स, बॅली या शिकागोच्या कंपन्यांनी १९६०-७० च्या दशकांत बनवलेली यंत्रं घ्या. काच, खेळाचा फळा, रिले, ट्रान्सफॉर्मर आणि वरची स्कोअरची पेटी मिळून वजन शंभर किलोच्या आसपास भरतं. ते सगळं चार पायांवर, आणि प्रत्येक पाय कोपऱ्याला दोन बोल्टांनी धरलेला. वर खेळणारा यंत्राला धक्के देतो. तो खेळाचाच भाग आहे. धक्का मर्यादेबाहेर गेला तर डाव थांबवायला आत ‘टिल्ट’चा लंबक टांगलेला असतो. हे धक्के पायांतून बोल्टांत आणि बोल्टांतून कोपऱ्याच्या लाकडात उतरतात. लाकूड ते सोसतं आपल्या लांब तंतूंच्या जोरावर. गाडीच्या पत्र्याचा पोचा भरतात त्या पॉलिएस्टर पुट्टीत असे तंतू नसतात. ती दाब बऱ्यापैकी सहन करते, पण ताण आणि पीळ आला की तडकते. शिवाय लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पुट्टी त्याच्याबरोबर हलत नाही. कडेने फट पडते, बोल्टचं भोक मोठं होतं, पाय डुलायला लागतो. मग पुन्हा पुट्टी!

खरी दुरुस्ती वेळ खाते, पण अवघड नाही. पटाशीचं टोक टोचत टोचत मागे जायचं आणि ते रुतेनासं झालं, म्हणजे निरोगी लाकूड लागलं, की तिथपर्यंतचा भाग कापून काढायचा. काप काटकोनात ठेवू नये. प्लायच्या जाडीच्या आठपट लांबीचा उतार द्यावा, म्हणजे पाऊण इंच प्लायला सहा इंच. सरसाला धरायला भरपूर जागा मिळते. नवा तुकडा जुन्याच जाडीचा हवा. जुना पाऊण इंच प्लाय १९ मिमी भरतो, बाजारात सहज मिळतो तो १८ मिमी. एक मिलीमीटरची ती पायरी रंगाखाली लपत नाही. सांध्यातला वाळलेला जुना सरस पूर्ण खरवडायलाच हवा, कारण नवा पांढरा सरस त्याच्यावर नीट धरत नाही. शेवटी आतल्या कोपऱ्यात लाकडाचा ठोकळा सरसाने बसवून शिकंजे आवळायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. पुट्टीला जागा आहे, पण ती वरवरच्या ओरखड्यांत.

‘सुटलेल्या सांध्यात दोन लांब स्क्रू मारले की झालं’ हेही त्याच जातीचं: प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू थरांना एकमेकांपासून फाकवतो.

‘कुज एकदा लागली की कोरड्या लाकडातही पसरते.’ नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचं ‘वुड हँडबुक’ स्पष्ट सांगतं, की २० टक्क्यांहून कमी ओलावा असलेलं लाकूड कुजत नाही. आधी पेटी वाळवा.

‘एमडीएफची नवी पेटी म्हणजे तेच.’ एमडीएफच्या कडेत स्क्रू टिकत नाही, आणि साधं एमडीएफ पाण्याने एकदा फुगलं की मूळ आकारावर येत नाही.

‘छापील स्टिकर लावला की मूळ रूप परत.’ या काळातल्या पेट्यांवरची चित्रं स्टेन्सिल ठेवून रंग फवारून काढलेली असत. कडांना थोडा पसरलेला रंग हा दोष नाही, कारखान्याची पद्धत आहे.

आणि सर्वांत घातक समज: ‘जुना रंग सरळ सँडरने उडवा.’ घरगुती वापराच्या रंगात ०.०६ टक्क्यांहून जास्त शिसं घालायला अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या पेटीच्या रंगात शिसं असू शकतं, हे धरूनच चालावं. आधी रंगाची चाचणी करा. शिसं निघालं तर कोरडं घासू नका. पृष्ठभाग ओला ठेवून घासा, साध्या कापडी मास्कऐवजी पी-१०० फिल्टरचा वापरा, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम घरात करूच नका.